वर घालायला आहे का?

बसा बायांनो. पोरांनो, तुम्हीही बसा. बारसं झालं, घुगऱ्या खाऊन झाल्या, आता लगेच पांगायची घाई करू नका. बारशाच्या दुपारी या वळणावरच्या दगडाशी बसून ठकूची गोष्ट सांगायची, ही आपल्या गावची रीत आहे आणि यंदाही ती माझ्याच गळ्यात पडलीय. मी सुईण. तीस-पस्तीस वर्षं या गावातल्या बाळंतिणी शेकल्या. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, बरंच झालं, माझे गुडघे सुटले. पण शेक घरीच द्यावा लागतो, म्हणून गोष्टही अजून लागते. मधेच मी थांबले तर दम लागला असं समजा. मागे कोण उभी आहे ती? ये, पुढे ये, उन्हात बस. गार वाऱ्यात उभं राहून काय मिळणार आहे?

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं, या बोडखीवाडीत ठकू नावाची एक बाई राहायची. गाव तेव्हाही असंच होतं. चारी बाजूंना माळ आणि माळावर झाड म्हणून नाही. असं म्हणतात, त्याच्याही आधी इथे एवढं रान होतं की भरदुपारी गुराख्याला वाट सापडायची नाही. मग ते गेलं कुठे? कुठे जाणार, चुलीत गेलं. आपल्याच आज्या-पणज्यांनी घातलं. त्यांना नावं ठेवून काय उपयोग, कच्चं पीठ कुणाला पचतं?

रान संपलं तसं गाव शेणावर आलं. ज्याच्या दावणीला गुरं होती त्याची काळजी मिटली. ज्याच्या दावणीला काहीच नाही, त्याच्या घरची बाई पाटी घेऊन दुसऱ्यांच्या गुरांमागे चालायची. सकाळी गुरं माळाला निघाली की मागून पंधरा-वीस बाया आणि सगळ्यांचे डोळे गुरांच्या शेपटांकडे. हसा, हसा. तुम्हाला चालावं लागलं नाही म्हणून हसू येतंय. शेपूट वर झालं की धावायचं, शेण पडलं की त्यावर काडी ठेवायची. गवताची, तुरीची, हाताला येईल ती. काडी ठेवली की ते शेण तिचं. मग ती पुढे निघून गेली आणि पार दुपारी परत आली, तरी दुसरी कुणी त्याला हात लावायची नाही. दुसरीच्या काडीचं शेण उचललं तर चूल रुसते, घरातलं दूध नासतं, असं म्हणतात. या गावात चोऱ्या झाल्या, भांडणं झाली, डोकी फुटली, पण काडी कुणी हलवली नाही.

ठकू होती उंच, काटक, लांब टांगांची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मूलबाळ नाही. गावाच्या कडेला एकटीची झोपडी. पण गुरांमागे चालण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कुठली गाय कुठल्या वळणावर थांबणार, हे तिला आधीच कळायचं. असं म्हणतात, शेण जमिनीला टेकायच्या आत ठकूची काडी त्याच्यावर असायची. बाकीच्या बाया हाफत पोचायच्या तेव्हा वाटभर ठकूच्याच काड्या दिसायच्या. बाया बोटं मोडायच्या. ठकू मागे वळूनसुद्धा बघायची नाही.

झोपडीशेजारी तिची गोवऱ्यांची हुडवी होती. हुडवी म्हणजे वाळलेल्या गोवऱ्या गोल रचून, पावसात भिजू नयेत म्हणून वरून शेणानंच लिंपलेली रास. पोरांनो, तुमच्यातल्या अर्ध्यांनी ती बघितलीसुद्धा नसेल. ठकूची हुडवी पुरुषभर उंच होती. एकटीला एवढ्या गोवऱ्या कशाला, असं बाया विचारायच्या. त्याचंही कारण होतं. ठकू नवी नवरी होऊन आली त्या पावसाळ्यात त्यांच्या घरात जाळायला काही नव्हतं. मडक्यात पीठ होतं आणि चूल गार. आठ दिवस ती पाण्यात पीठ कालवून प्यायली आणि पोट धरून पडून राहिली. तेव्हापासून गार चुलीची तिनं धास्तीच घेतली. वाईट नव्हती हो ती, घाबरलेली होती. घाबरलेलं माणूस दुसऱ्याकडे बघत नाही.

तिच्या शेजारी सुंदराबाई नावाची म्हातारी, तिचा लेक आणि सून राहायची. लेक बाराही महिने खडी फोडायला परगावी. सुनेचं नाव गजरा. पोटुशी होती, तरी रोज गुरांमागे चालायची. पोट पुढे, पाय सुजलेले, ही बाई कुठे धावणार? ती रोज सगळ्यांच्या शेवटी आणि पाटी रिकामी. परत येताना ती ठकूच्या काड्यांच्या बाजूनं जपून पाय टाकत यायची, काडी पडू नये म्हणून.

पौषाच्या कडाक्यात गजरा बाळंत झाली. मुलगी झाली. आता बाळंतिणीला काय लागतं हे मी तुम्हाला सांगायला नको. बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, त्यावर ओवा-शेपांची धुरी, आणि दोन वेळा कढत पाणी. बारा दिवस शेगडी विझू द्यायची नाही. आई तापली तर दूध तापतं, दूध तापलं तर लेकरू तापतं.

सुंदराबाई सकाळी खापर घेऊन ठकूच्या दारात आली आणि म्हणाली, "ठकू, जरा विस्तव दे गं."

विस्तवाला नाही म्हणायचं नसतं. वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. ठकूनं चुलीतला चांगला धगधगता निखारा खापरात टाकला आणि आपली पाटी उचलून वाटेला लागली. दुपारी सुंदराबाई पुन्हा आली. ठकूनं पुन्हा दिला. दिवस मावळायच्या आधी म्हातारी तिसऱ्यांदा आली, तेव्हा ठकू कावली. पायांचे तुकडे पडले होते तिचे, दिवसभर चालून.

"विस्तव खाता का काय घरात?" ती म्हणाली. "नीट जपून ठेवता येत नाही?"

 सुंदराबाई खापर पुढे धरून तशीच उभी राहिली. आमच्यात असंच आहे. विस्तव मागायला लाज वाटत नाही, पण घरात जाळायला काही नाही हे सांगताना जीभ टाळ्याला चिकटते. ठकूनं निखारा टाकला. म्हातारी गेली. दुसऱ्या दिवशीही दोनदा आली, आणि ठकूनं दोन्ही वेळा दिला. आपलं काम आपण केलं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकू गुरांमागे निघाली तर शेजारून रडण्याचा आवाज आला. ती आत गेली. पोरगी गार पडली होती. सुंदराबाई तिला पदरात गुंडाळून चोळत होती, उगीचच. ठकूची नजर बाजेखाली गेली. शेगडीत पाच निखाऱ्यांची पाच वेगवेगळी राख होती. शेजारी केरसुणीची राख, सुपाची राख, अर्धवट जळलेली बाजेची दोरी. विस्तव आला होता, पण त्याला धरून ठेवायला त्या घरात काही उरलं नव्हतं.

गजरानं डोळे उघडले. तिनं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं ठकू पुढे जन्मभर म्हणायची. गजरा एवढंच म्हणाली, "विस्तव चांगला होता अक्का. वर घालायला नव्हतं काही."

ठकू आल्या पावली मागे फिरली. ती घरी आली, हुडवीसमोर बसली आणि तिथेच बसून राहिली. तीस पावलांवर, बायांनो. हुडवी आणि ती बाज यात तीस पावलं होती. पाच वेळा म्हातारी दारात आली आणि पाच वेळा ठकूच्या तोंडून एक प्रश्न निघाला नाही. तो प्रश्न काही अवघड नव्हता. दुपारी तिनं हुडवी फोडली आणि पाटीभर गोवऱ्या गजराच्या दाराशी नेऊन ठेवल्या.

सुंदराबाई म्हणाली, "आता कशाला?"

त्या गोवऱ्या तिथेच पडून राहिल्या. कुणी जाळल्या नाहीत. असं म्हणतात, पावसाळ्यात त्यांच्यावर गवत उगवलं.

जरा थांबा. दम खाऊ द्या.

तर त्यानंतर ठकूचे पाय तसेच राहिले, पण काडी बदलली. ती आधीसारखीच सगळ्यांच्या पुढे असायची. मात्र काडी ठेवताना म्हणायची, ही गजराची. ही पांगळ्या सासूवालीची. ही जिला ताप आहे तिची. स्वतःसाठी शेवटची एक. पहाटे उजाडताना ती त्या टेकाडावर जाऊन उभी राहायची आणि गावातल्या छपरांकडे बघायची. ज्या छपरातून धूर निघाला नाही, त्या दाराशी सकाळी पाटी ठेवलेली असायची. असं म्हणतात, कुठल्या घरात चूल गार आहे हे ठकूला पुढे पुढे डोळे मिटूनही कळायचं, तिच्या हातापायांना त्या घराचा गारठा जाणवायचा. लोक तिला देवी म्हणायला लागले. ठकू म्हणायची, देवी असते तर बसून राहिले नसते का, चालले कशाला असते? आणि पाटी उचलून निघायची. सकाळ-संध्याकाळ, बारा महिने. टाचांना भेगा, डोक्याला पाटीचा घट्टा, डोळ्यांत धूर. तुमच्या-माझ्यासारखंच सगळं.

मग तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. गवत जळून गेलं. मार्गशीर्षात गावानं गुरं दूर नदीकाठी चाऱ्याला पाठवून दिली. पाटलाची गेली, सगळ्यांची गेली. वाटेवर एक खूर उमटेना, मग शेण कुठलं? बाया रिकाम्या पाट्या घेऊन सवयीनं वळणापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. ठकूची हुडवी गावात वाटून कधीच संपली होती.

आणि गजराला पुन्हा दिवस गेले होते. पौषातच भरत होते.

ठकू तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "या खेपेला बाजेखालची शेगडी विझणार नाही. बारा दिवस. माझा शब्द."

गजरानं मान हलवली. तिचा विश्वास बसला नसावा. दोघींनाही ठाऊक होतं की गावात जाळायला फक्त एकाच ठिकाणी आहे. पाटलाच्या परड्यात. तिथे गोवऱ्यांची एवढी मोठी हुडवी होती की तिच्या सावलीत बैलजोडी बसायची. आणि त्या गोवऱ्या ठकूनंच थापल्या होत्या. दर हंगामात पाटलाचा गोठा काढायला आणि शेणी थापायला तीच जायची, दुपारच्या भाकरीवर.

ठकूनं पाटलीणबाईंकडे गोवऱ्या मागून बघितल्या. पाटलीण काही दुष्ट नव्हती. ती म्हणाली, "ठकू, तुला दिल्या तर उद्या दारात गाव उभं राहील. कुणाकुणाला देऊ? माझ्या घरात वीस माणसं जेवतात."

खोटं नव्हतं तेही. ठकू परड्यातून जायला निघाली, हुडवीपाशी थांबली, खाली वाकली आणि एक तुरीची काडी उचलून हुडवीवर ठेवली.

पाटलीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय गं? गुरं आमची, परडं आमचं."

"गुरं तुमची पाटलीणबाई," ठकू म्हणाली, "पण उचललं मी, थापलं मी. मीच हिच्यावर काडी ठेवते."

आता काडीचा नियम होता वाटेवरच्या शेणाला. कुणाच्या परड्यातल्या हुडवीला तो कसा लागणार? दुसऱ्या गावची बाई असती तर तिनं काडी चिमटीत धरून फेकली असती आणि ठकूला हाकलली असती. पण पाटलीण याच मातीतली. गावातल्या गावात, मामाच्याच घरात दिली होती तिला. लहानपणापासून काडीचा मान बघितलेला. तिचा हात काही पुढे होईना. काडी काढायची नाही, काडी असताना गोवरी घ्यायची नाही. मग तिनं दुसरं केलं, परड्याच्या दाराला आतून आडणा लावला. आता ठकूला आत येता येईना आणि पाटलिणीला हुडवीला हात लावता येईना. एवढी मोठी हुडवी दोघींच्या मधे नुसती उभी राहिली.

गजरा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पुन्हा मुलगी. चिपाडासारखी हलकी. ठकूनं सुंदराबाईला बाजूला बसवलं, शेगडी पेटवली आणि वर काय घातलं माहीत आहे का? आपल्या झोपडीचं दार. पहिल्या दिवशी दार जळलं. दुसऱ्या दिवशी उंबरा. मग स्वतःची बाज, मग मुसळ, मग उतरंडीखालची फळी. मग तिनं झोपडीचे वासे उपसायला सुरुवात केली, रोज एक. गावातल्या बायाही येऊन काही ना काही देऊन गेल्या, कुणी फुटका पाट, कुणी नुसती केरसुणी. घरात होतं तेवढं दिलं. असं म्हणतात, पाटलाचा वाडा सोडला तर त्या दहा दिवसांत गावात एकाच छपरातून धूर निघत होता, आणि तो असा खांबासारखा सरळ वर जायचा की बारा गावांतून दिसायचा. पोरगी मात्र बाजेवर गुलाबी होत होती. नवव्या दिवशी ठकूच्या झोपडीची मातीची एक भिंत उरली. त्या दिवशी तिनं आपली पाटी मोडून जाळली. चालायची पाटी. ती मोडताना तिला रडू आलं, असं गजरा सांगायची.

दहाव्या दिवशी सकाळी जाळायला काहीही उरलं नव्हतं. शेगडीत निखारे होते, दुपारपर्यंत पुरतील एवढे. ठकू गजराच्या दाराशी पाय पसरून बसली होती आणि तिला पुढचं काही सुचत नव्हतं. तेवढ्यात समोरून पदर डोक्यावर ओढून एक बाई आली. हातात खापर. पाटलीणबाई होत्या.

त्यांच्याकडेही तुरकाट्या संपल्या होत्या, मोडकं औत जळून झालं होतं. आदल्या दिवशी वाड्यातली वीस माणसं भिजवलेले हरभरे खाऊन उठली होती आणि सकाळी चूल विझली. विस्तवाला जायचं कुठे, तर जिथे धूर दिसतो तिथे. दुसऱ्या कुणाला पाठवायची त्यांना लाज वाटली, म्हणून स्वतः आल्या.

"ठकू," त्या खाली बघून म्हणाल्या, "जरा विस्तव दे."

विस्तवाला नाही म्हणायचं नसतं. ठकू उठली. तिनं शेगडीतला सगळ्यात चांगला निखारा काढून खापरात टाकला. निखाऱ्यांची आधीच मारामार, तरी टाकला. मग तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला, जो तीन वर्षांपूर्वी पाच वेळा निघाला नव्हता.

"वर घालायला आहे का?"

ती टोमणा मारत नव्हती, बायांनो. ती खरंच विचारत होती. पाटलीणबाई खापर धरून उभ्या राहिल्या. आहे म्हणावं तर काडी. नाही म्हणावं तर बैलजोडीला सावली देणारी हुडवी. त्यांनी आत बघितलं. बाजेवर गजरा, तिच्या कुशीत ते एवढंसं लेकरू, बाजेखाली अर्धी झालेली शेगडी. दारातून पलीकडे ठकूची उरलेली भिंत दिसत होती, वर आभाळ.

"घर कुठे गेलं तुझं?" त्यांनी विचारलं.

ठकूनं शेगडीकडे बोट दाखवलं.

पाटलीणबाई म्हणाल्या, "चल. आडणा काढते. तू काडी काढ." आणि निघता निघता म्हणाल्या, "गावालाही सांग. मला एकटीला नाही बघवत आता."

उरलेले दिवस पाटलाच्या हुडवीवर निघाले. गाव आलं, गावानं नेलं, वीस माणसांचंही भागलं. बाराव्या दिवशी गजराला न्हाऊ घातलं आणि पोरीला पाळण्यात ठेवलं. ठकूनं पाळण्याला एक झोका दिला, बाहेर गेली आणि आपल्या त्या एका भिंतीला टेकून उन्हात बसली. घुगऱ्या घेऊन गजरा तिथे आली तर ठकू गेली होती. असं म्हणतात, तिचे हात दुसऱ्या दिवसापर्यंत ऊन होते. त्या बारा दिवसांतली सगळी धग तिनं पोरीला दिली आणि उरलेली हातात ठेवली, असं म्हणतात.

मला विचाराल तर ती दमली होती. एवढंच. तीस वर्षांत मी पुष्कळ बायका बघितल्या, दुसरं काही झालेलं नसतं, नुसत्या दमलेल्या असतात. पण दमून गेली म्हटलं तर कुणी गोष्ट सांगत नाही, म्हणून हात ऊन होते असं सांगावं लागतं. मीही सांगते. ऊन असतीलही.

तेराव्या दिवशी नदीकाठच्या कळपातून एक गाय दावं तोडून एकटीच चालत गावात आली. तिच्यामागे कुणी नव्हतं. या वळणावर, ठकूच्या भिंतीसमोर ती थांबली, शेपूट वर केलं आणि शेण टाकून आल्या वाटेनं परत गेली. कित्येक दिवसांत गावानं बघितलेलं पहिलं शेण. पंधरा बाया उभ्या होत्या, पाट्या घेऊन. एकीनंही धाव घेतली नाही. मग गजरा पुढे आली आणि तिनं त्यावर काडी ठेवली आणि म्हणाली, ही ठकूअक्काची. ठकूची काडी कोण हलवणार? ते शेण तिथेच राहिलं. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, आणि त्याचा दगड झाला, असं म्हणतात. तोच हा दगड. बघा, मधे खळगा आहे. काडीचा आहे म्हणतात.

तेव्हापासून बोडखीवाडीत नुसता विस्तव कुणी कुणाला दिला नाही. विस्तवाबरोबर गोवरी. गोवरी नसेल तर चिपाड, चिपाड नसेल तर निदान तो प्रश्न. दुसऱ्या गावात बाया भेटल्या की जेवलीस का विचारतात. आपण विचारतो, वर घालायला आहे का? आणि सरपण घेऊन या वळणावरून जाणारी प्रत्येक बाई आपल्या भाऱ्यातलं एक लाकूड, पाटीतली एक गोवरी या दगडाशी ठेवून जाते. ही रास मी कधी मोठी झालेली बघितली नाही आणि कधी संपलेलीही बघितली नाही.

मधे घरोघर शेगड्या आल्या. चकचकीत, लाल टाकी, नळी, सगळं. शेगडी फुकट, पहिली टाकी फुकट. साहेब आले, दारात उभं करून फोटो काढले. माझा काढला तेव्हा मी त्यांना विचारलं, "साहेब, वर घालायला आहे का?" ते हसले. म्हणाले, "आजी, याच्यावर काही घालावं लागत नाही, कान पिरगाळला की पेटते." चांगला माणूस होता, त्याला खरंच वाटत होतं. दीड महिन्यानं टाकी संपली. दुसरी आणायची म्हणजे घरातल्यांची आठ दिवसांची मजुरी. माझ्या शेगडीवर आता पिठाचा डबा आहे. तुमच्या घरी काय आहे ते मी विचारत नाही, मी शेक द्यायला येते तेव्हा दिसतं मला. कुणी टाकीला झालर शिवलीय. शिवा, छान दिसते. सुंदराबाईला विस्तव पाच वेळा मिळाला होता, एवढंच मी त्या साहेबांना सांगणार होते, पण ते घाईत होते.

गजराची ती पोरगी वाढली, तिला लेकी झाल्या, लेकींना लेकी झाल्या. त्यातलीच मी एक. म्हणून ही गोष्ट माझ्या गळ्यात.

संपली गोष्ट. आता शेवटची रीत राहिली, ती तुम्हाला ठाऊक आहे. थंडी वाढतेय आणि कुणाच्या घरी वर घालायला आहे, कुणाच्या नाही, ते सांगताना जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आपण सांगायचं नाही आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही. मी डोळे मिटते. तसेही ते धुरानं अर्धे गेलेत. तुम्हीही सगळ्या मिटा. पोरांनो, बोटांच्या फटीतून बघायचं नाही. ज्या बाईला हवं तिनं दगडापाशी जावं, लागेल तेवढं पदरात घ्यावं आणि घरची वाट धरावी. पावलं वाजली तर वाजू देत. आपल्याला काही ऐकू येत नाही.

मिटले. जा, बाई.